सुरुवातीचे बावीस सेकंद

३ फेब्रुवारी

टिटवे,

पार्सल पोचलं. उघडलं आणि आधी तुझ्यावरच चिडलो. मामांची गिटार जुन्या चादरीत गुंडाळून पाठवतात का? लोकांच्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या बाईला साधी पेटी मिळू नये? स्वतःच्या वडिलांच्या गिटारीची ही तऱ्हा, तर पेशंटांचं काय करत असशील देव जाणे.

तारा अडकवायची घोडी एका बाजूने फळीवरून उचकटली होती. जुना सरस खरवडून काढला, नवा लावला, वर वजन ठेवून दोन दिवस दाबून ठेवली. ती आता बसली आहे. पण एक गोष्ट मला बिलकूल आवडली नाही. तारा चढवून वाजवून पाहिली तर गिटार मुकी. आवाज पोटातच राहतो, बाहेर येत नाही. मामांच्या हातात ही गिटार खोली भरून टाकायची. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, त्या वर्षात तू तिला कुठे ठेवली होतीस? कपाटाच्या मागे?

सोबतचा फोटोही पाहिला. तू आणि तुझ्या इमारतीतले आणखी तिघे, चौघांच्या हातात युकुलेले, आणि तोंडावर असं हसू की जणू लॉटरी लागली. तुझं तर पोपटी रंगाचं. टिटवे, मला शिसारी आली. युकुलेले हे वाद्य नाही. गिटार धुतल्यावर आटली की युकुलेले होतं. चार तारा, त्याही नायलॉनच्या, आणि आवाज खोक्यातल्या टाचण्या हलवल्यासारखा. परवा दुकानात एकाने ते दुरुस्तीला आणलं होतं. मी वाजवून पाहिलं. नुसती टकटक. मी म्हटलं, यात बिघडण्यासारखं काही नाही, कारण यात काही नाहीच. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

दुकानात येतं ते बघून हल्ली जेवण जात नाही. एकाच्या गिटारीच्या मानेवर बोटांचा मळ असा साचला होता की तो पटाशीने काढावा लागला. दुसऱ्याने फळीची चीर चघळलेल्या च्युइंगमने बुजवली होती. दाताचे ठसेसुद्धा होते त्यावर, तुझ्या कामाचे. तिसऱ्याने वाजवायला नाही, भिंतीवर टांगायला गिटार घेतली आणि खिळा तिच्यातून आरपार गेला म्हणून माझ्याकडे आला.

आणि गाणी. मामा म्हणायचे, गाणाऱ्याने तोंड उघडायच्या आत गाणं ओळखू आलं पाहिजे. आठवतं ना, रविवारी आपण तिघं रेडिओसमोर बसायचो, आणि सुरुवातीच्या चार सुरांत जो गाणं ओळखेल तो जिंकला? काल संध्याकाळी मी ओळीने सात गाणी ऐकली. एकालाही सुरुवात नाही. थोडा वेळ नुसतं शांत, मग एकदम बाई किंचाळते. दार न वाजवता घरात घुसणाऱ्या माणसासारखी गाणी झाली आहेत. मी रेडिओ बंद केला.

फोन करू नकोस. दोन वर्षं झाली, मी तो उचलणंच सोडलंय. हल्ली माणसं फोनमध्ये बोलत नाहीत, गुळण्या करतात. पत्र बरं. पत्र पुटपुटत नाही.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात वाचायला घेतलं आणि दुसरा येऊन खुर्चीत आ वासून बसला तरी माझं हसू थांबेना. त्याला वाटलं, त्याच्याच दातांना हसतेय. जाताना माझ्याशी बोलला नाही.

गिटार कपाटामागे नव्हती. बाबांच्या पलंगाशेजारी, त्यांच्या जागीच होती. रोज पुसायची मी. तेव्हा त्याबद्दल बोलू नकोस.

युकुलेलेबद्दल हवं ते बोल. माझी बोटं आखूड, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. गिटारीवर एका बोटाने सगळ्या तारा दाबताना मी कायम रडले आणि तू कायम हसलास. आता पन्नाशीत मला कोणी हसायचं नाही, असं मी ठरवलंय. दुपारी एक ते दोन इमारतीत सगळीकडे सामसूम असते. मी, वरच्या मजल्यावरचे कानाचे डॉक्टर, खालच्या औषधांच्या दुकानातल्या बाई आणि लिफ्टवाले काका, असे चौघे माझ्या वेटिंग रूममध्ये बसून वाजवतो. काका सगळ्यांत चांगलं वाजवतात. कानाचे डॉक्टर सगळ्यांत बेसूर, पण ते कोणी त्यांना सांगत नाही.

आता खरी गोष्ट. सोबत एक पेनड्राइव्ह आहे, त्यात एकच गाणं आहे. आमचं. शब्द माझे, गाणाऱ्या औषधांच्या दुकानातल्या बाई. सुरुवात मी एकटीने वाजवलीय, त्याच पोपटी खुळखुळ्यावर. त्या सुरुवातीबद्दल मी एक अक्षर सांगणार नाही. तू ऐक आणि मला लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील, फक्त सुरुवात ऐकून दे. दोन महिने खपलेय मी त्यासाठी, आणि जगात ती ऐकवावी असं एकच माणूस उरलंय.

शिव्यांवरून आठवलं. तू अजूनही उघडलेल्या प्रत्येक गिटारीच्या पोटात पेन्सिलीने पुढच्या कारागिरासाठी शिव्या लिहून ठेवतोस का? बाबांच्या गिटारीत काय लिहिलं होतंस, ते मी किती वेळा विचारलं. बाबा नुसते हसायचे.

टिटवी


२४ फेब्रुवारी

टिटवे,

ऐकलं. तीनदा ऐकलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं माझं यंत्र बिघडलं. बटण दाबलं तर कितीतरी वेळ काहीच नाही. दिवा मात्र लागलेला. मग एकदम तुझ्या त्या औषधवाल्या बाई सुरू. सुरुवात कुठे आहे? दोन महिने कशात खपलीस? शांततेत?

तूसुद्धा. बाकीच्यांचं मी समजू शकतो, त्यांना कोणी शिकवलंच नाही. तुला मामांनी मांडीवर बसवून शिकवलं. आणि वर पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहितेस, सुरुवात ऐक. माझी चेष्टाच करायची होती तर एवढं टपालाचं लफडं कशाला? मला खरंच वीट आलाय. घरातलं एक माणूस तरी धड असेल असं वाटत होतं.

असो. मामांच्या गिटारीचं मी ठरवलंय. ही अशी मुकी मी कोणाला परत देणार नाही. पाठ उघडतो आणि आतल्या पट्ट्या तासतो. पट्ट्या जाड असल्या की फळी हलत नाही, फळी हलली नाही की आवाज कोंडतो. हल्ली सगळ्याच गिटारी कोंडलेल्या येतात. हिवाळ्यात त्या हॉटेलात वाजवणाऱ्याची तासून दिली, त्याआधी एका मास्तरांची. हॉटेलवाला कृतघ्न निघाला. परवा येऊन दुकानात हात नाचवत होता, गिटार ढोलासारखी घुमते म्हणे, आणि फळीला पोट सुटलं म्हणे. फळी थोडी फुगलीय हे खरं. पण आवाज तर मोकळा झाला? मला विचारशील तर अजूनही कमीच आहे. लोकांना कान राहिलेले नाहीत.

वस्तूही तशाच. मामांनी दिलेला माझा नादकाटा, गुडघ्यावर आपटून सूर घ्यायचा तो, तोही झिजला. आपटला तरी वाजत नाही. इतक्या वर्षांत पोलादही थकलं. आता बाजारातून चिमट्यासारखं एक यंत्र आणलंय, गिटारीला लावलं की हिरवा दिवा लागतो. दिवा बघून गिटार जुळवायची. माझीच मला घाण वाटते, पण करणार काय.

सोमवारी, १० मार्चला, मामांच्या गिटारीची पाठ उघडीन. मोठं काम आहे, दुकान बंद ठेवीन.

दादा


२ मार्च

दादा,

हे पत्र मी कुरियरने पाठवतेय, म्हणजे दहा तारखेच्या आधी पोचेल. गिटार उघडू नकोस. पुढचं सगळं वाचून होईपर्यंत तरी पटाशीला हात लावू नकोस.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले. वाटलं, दादाने मुद्दाम केलं. कारण गाण्याला सुरुवात आहे, दादा. बावीस सेकंदांची आहे. आणि ती माझी नाहीच, बाबांची आहे. सकाळी तारा जुळवून झाल्या की चहा येईपर्यंत ते वाजवायचे ती धून. कधी गाणं झालं नाही तिचं. तू त्यांच्या पायाशी बसून ती ऐकलीस, मी स्वयंपाकघराच्या दारातून. तुला झोपेतून उठवून वाजवली तरी तू ती पहिल्या दोन सुरांत ओळखशील. तू ऐकलीस आणि ओळखली नाहीस, हे होऊच शकत नाही. म्हणजे तू ती ऐकलीच नाहीस.

मग मी तुझी मागची पत्रं काढून बसले. गेली दोन वर्षं मला कौतुक होतं की दादा पत्रं लिहितो, जुन्या वळणाचा माणूस. अरे, तुझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस कसा पुटपुटेल? मी ते वाचून हसत राहिले. स्वतःला डॉक्टर म्हणवते, आणि हसत राहिले. मला माझी किळस आली. घरात दुसरं माणूस असतं तर त्याला कधीच कळलं असतं. तू माझ्याशिवाय लिहितोस कोणाला, आणि माझं लक्ष तुझ्या विनोदांकडे.

आत्या आठव. तुझीच आई. शेवटची दहा वर्षं सुना, तुझ्या वहिन्या, मुद्दाम हळू बोलतात म्हणून भांडत होती. सुना ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या आणि ती म्हणायची, बघा, आता तर आवाजच काढत नाहीत.

पोलाद थकत नाही, दादा.

रागावू नकोस, एक कर. नादकाटा गुडघ्यावर आपट आणि कानाजवळ धर. मग परत आपट, आणि त्याचा दांडा समोरच्या दातांत धर, हलकेच, जोर नको. मी पेशंटच्या दाताला मशीन लावते तेव्हा मला साधी घरघर ऐकू येते आणि त्याच्या डोक्यात गिरणी चालते. दात हाडात रोवलेले असतात, त्यामुळे आवाज बाहेरच्या कानाला वळसा घालून थेट आत पोचतो. कानाशी काही नाही आणि दातात वाजला, तर काटाही चांगला आहे आणि गिटारही. वरच्या डॉक्टरांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, असं असेल तर उपाय असतो. फक्त लवकर दाखवायला सांग.

टिटवी


५ मार्च

डॉक्टरीणबाई,

तीस वर्षं मी कानावर जगतोय. दुकानाच्या दाराशी गिटार आली की पेटी उघडायच्या आत तिला काय झालंय ते सांगायचो, हे तुम्ही स्वतः पाहिलंय. आता चार तारांच्या खेळण्यावर टकटक करणाऱ्यांनी मला सांगावं की मी बहिरा.

गाण्याला सुरुवात करता आली नाही, तर चूक ऐकणाऱ्याची. छान. आणि मामांची धून मध्ये आणलीत, म्हणजे मला बोलता येऊ नये. हे मला सगळ्यांत किळसवाणं वाटलं. माझ्या आईला तरी त्यातून वगळायचं होतं.

लोखंड तोंडात धरायला मी घोडा नाही. तुम्ही लोकांच्या जबड्यात डोकावा, माझ्या दुकानात डोकावू नका.

सोमवारची वाट कशाला, उद्याच उघडतो. तासून, जोडून, मोठ्याने वाजवून पाठवीन. तेव्हा कळेल कोणाला ऐकू येतं.

पेनड्राइव्ह परत हवा असेल तर कळवा.


८ मार्च

दादा,

फोन केला. एकदा नाही, अकरा वेळा. तू उचलणार नाहीस हे माहीत होतं, तरी केला.

तू उघडली असशील आतापर्यंत. मी आता अडवत नाही, कारण अडवायचा मला हक्कच नाही. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. बाबा जायच्या आधी चार दिवस म्हणाले, गिटार दादाला दे, ती त्याच्याच हातात बरी. मी हो म्हटलं आणि दिली नाही. पलंगाशेजारून ती उचलली की तो पलंग नुसता पलंग उरला असता. वर्षभर रोज पुसली आणि रोज वाटलं, उद्या पाठवू. शेवटी घोडी उचकटली तेव्हा पाठवली, तीही दुरुस्तीला म्हणून, म्हणजे परत येईल. स्वतःच्या भावाशी असं वागले. तुझ्या च्युइंगमवाल्यापेक्षा मी काही कमी घाणेरडी नाही.

तेव्हा ती तुझीच आहे. तासायची तर तास. पण नादकाटाही बाबांनीच तुला दिला होता. त्याला झिजला म्हणून टाकून देण्याआधी एकदा तोंडात धर. पेनड्राइव्ह परत नको.

टिटवी


२९ मार्च

टिटवे,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. माणसाला स्वतःची किळस आली की तो टपालपेटीपर्यंतही चालत नाही.

सगळं क्रमाने सांगतो. सहा तारखेला उघडलीच. तुझ्यावरच्या रागाने उघडली, सुरी तापवून सांध्यातून फिरवली, दुपारपर्यंत पाठ सुटली. उजेडात धरली. आतल्या बाजूने माझंच अक्षर. सव्वीस वर्षांचा असताना मी याच गिटारीच्या पट्ट्या नव्याने बसवल्या होत्या, मामा समोर स्टुलावर बसले होते. ते आठवत होतं. काय लिहिलं ते विसरून गेलो होतो. जसंच्या तसं उतरवतो:

'पट्ट्या बरोबर आहेत. पुढे कोणीही तासू नयेत. आवाज कमी वाटल्यास वाजवणाऱ्याने बोटं तपासावीत, दुरुस्त करणाऱ्याने कान. गाढवाने दोन्ही तपासावेत.'

खाली साक्षीदार म्हणून मामांची सही. हसत केली असणार, कारण पेन्सिल घसरली आहे.

पटाशी हातातच होती. मी ती खाली ठेवली. पण गाढव लगेच शहाणं होत नाही. चार-पाच दिवस मी त्या पाठीकडे पाठ करून बसलो. मग तुझं आठ तारखेचं पत्र आलं. ते वाचलं, दुकानाचं दार आतून लावलं, कारण हे कोणी पाहू नये असं वाटलं, आणि काटा गुडघ्यावर आपटला. कानाशी धरला. काही नाही. परत आपटला, दातांत धरला.

टिटवे, डोक्यात देवळाची घंटा वाजावी तसा वाजला. दोन वर्षांत इतका स्वच्छ सूर मी ऐकला नव्हता. दचकून तोंड उघडलं आणि काटा फरशीवर पडला. पडल्याचा आवाज मात्र आला नाही. तिथेच बसलो खाली.

पुढचं तुला कळलं असेल. टेबलावर देवदाराची एक पट्टी होती, याच कामासाठी कापून ठेवलेली. तिचं एक टोक स्पीकरच्या लाकडाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं, आणि तुझं गाणं लावलं. मामा चहाची वाट बघत बसलेले. तिसऱ्या सुरानंतर ते जरा थांबायचे, बोट झटकायचे, ते थांबणंसुद्धा तू घेतलंस. लाळ गळत होती, डोळे गळत होते, एवढा ओंगळ माणूस कोणी पाहिला नसेल. पाच वेळा ऐकलं. बावीस सेकंद आहेत, मी मोजले.

मग आठवलं की हॉटेलवाल्याची आणि मास्तरांची अशा दोन गिटारी मी मारल्या. चांगल्या होत्या दोन्ही. आतून तासून तासून पापड केले त्यांचे, आणि वर लोकांना कान नाहीत म्हणून हिणवलं. हॉटेलवाल्याला बोलावून सांगितलं, बाबा रे, तू ओरडत होतास ते बरोबर होतं, मला ऐकू येत नव्हतं. तो काहीतरी म्हणाला. मी कागद पुढे केला. त्याने लिहिलं, 'मला वाटलं तुम्ही माज करता.' दोघांच्याही वरच्या फळ्या नव्याने बसवून देतोय. त्या जुळवताना काटा दातांत, हिरवा दिवा फेकून दिला.

इथल्या कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कानातलं एक बारीकसं हाड आखडलंय. घराण्यातून येतं म्हणे. आईची माफी मागायची राहून गेली. मीही तिला चिडून म्हणालो होतो, ऐकायचं नसतं तुला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. तू येणार आहेस, हे मी विचारत नाही, सांगतोय.

गिटार ठेवून घेतो. पलंगाशेजारची जागा रिकामी राहील, त्याला इलाज नाही. तू येशील तेव्हा ती वाजव, बोटं आखूड असली तरी. हसणार नाही. काल पाठ परत जोडली. जोडण्याआधी मामांच्या सहीखाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली: 'दोन्ही तपासले. गाढव मीच.' तारीख घातली.

येताना ते पोपटी सोबत आण. मला ते एकदा दातांत धरून ऐकायचंय. गैरसमज नको, युकुलेले मला अजूनही आवडत नाही. पण इतके दिवस न ऐकता आवडत नव्हतं. आता ऐकून आवडत नाही.

तुझा,
दादा